वाचक विचारतात : डोंगरातला तांबडा पट्टा, घरचं पर्जन्यमापक आणि बिनसावलीची दुपार

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं खडक आणि पाण्याबद्दल होती, उरलेली आभाळाबद्दल. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घाटरस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात काळ्या खडकाच्या मधोमध विटकरी पट्टा दिसतो. तो गेरू का? आमच्याकडे विहिरीला पाणी त्या पट्ट्याच्या वरच लागतं. तो फोडून खाली बोअर नेली तर कोरडी गेली. असं का? (भोर तालुका)

तुम्ही जे पाहताय ती दोन लाव्हाप्रवाहांमधली सांध आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. असे थर साचत जाऊन महाबळेश्वरच्या परिसरात बेसाल्टची, म्हणजे या थिजलेल्या काळ्या लाव्हाखडकाची, जाडी दोन किलोमीटरच्या आसपास पोचली. दोन प्रवाहांमध्ये जेव्हा पुरेसा काळ गेला तेव्हा खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती झाली, कधी त्यावर ज्वालामुखीची राखही बसली. पुढच्या प्रवाहाच्या धगीने ती भाजली आणि तिच्यातलं लोह तांबडं झालं. हा थर काही सेंटिमीटरपासून एक-दोन मीटरपर्यंत जाड असतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘लाल बोल’ म्हणतात.

आता पाण्याचं. एका प्रवाहाचा उभा छेद खालून वर वाचत गेलात तर तळाशी पातळसा भाग, मध्ये घट्ट काळा पाषाण आणि माथ्याकडे पोकळ्यांनी भरलेला खडक दिसतो. लाव्हातले वायू वर येऊन अडकले, त्यांच्या या पोकळ्या. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असली पांढरी-हिरवी खनिजं भरली. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच खडक. तो कुजतो, त्यात पाणी मुरतं. घट्ट काळ्या पाषाणात मात्र दगडात पाणी साठत नाही, फक्त भेगांमध्ये साठतं. भेगा नसतील तर पाणीही नाही. वरून मुरलेलं पाणी मुरूम, मांजऱ्या, भेगा असं उतरत लाल थरापर्यंत येतं आणि तिथे अडतं, कारण तो चिकणमातीसारखा आहे. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झरा म्हणून बाहेर पडतं. पावसाळ्यानंतर एकाच उंचीवर ओळीने झरे दिसले तर त्यांच्या पायथ्याशी बहुतेक हा पट्टा किंवा घट्ट पाषाणाचा माथा सापडेल.

तुमची विहीर त्या साठ्यावर उभी आहे. बोअर त्या थरातून खाली गेली आणि पुढे बहुधा भेगा नसलेला पाषाण लागला, म्हणून कोरडी. आणखी वाईट म्हणजे अशी कोरडी बोअर नीट बंद केली नाही तर वरचं पाणी तिच्यातून खाली गळू शकतं आणि शेजारची विहीर उतरते. म्हणून फसलेली बोअर उघडी सोडू नका. त्या पट्ट्याच्या पातळीला चिकणमाती आणि सिमेंटने ती बुजवून घ्या. विहिरीचं बांधकाम करतानाही हा थर विसरू नये. तो भिजला की फुगतो, सुकला की ढासळतो, आणि वरचा काळा दगड लटकता राहतो. त्या उंचीला दगडी बांध किंवा सिमेंटची कडी हवीच. बोअर असेल तर तिथपर्यंत केसिंग. घाटात दरडी कोसळतात त्यातल्या काहींमागेही हेच कारण असतं: पावसाने पट्टा झिजतो, वरचा ठोकळा आधार गमावतो.

तो गेरू नाही. गेरूत लोहाचं प्रमाण जास्त असतं. इथे माती जास्त, लोह कमी, म्हणून भिंतीला लावला तर रंग फिका येतो आणि लवकर उडतो.

धुळे-नंदुरबारच्या वाचकांसाठी एक पुरवणी. तिकडे शेतात दगडी भिंतीसारखे लांब उंचवटे दिसतात, ते ‘डाइक’, म्हणजे लाव्हा ज्या भेगांतून वर चढला त्या भेगांत थिजलेला खडक. घट्ट डाइक जमिनीखाली बंधाऱ्याचं काम करतो: चढाकडची विहीर भरलेली आणि उताराकडची कोरडी. विहिरीची जागा ठरवताना आधी ही रेघ कुठून जाते ते पाहावं. पाणाड्याला बोलावायचं ते नंतर, आणि आमच्या मते बोलावूच नये.

प्रश्न : तुरळ-राजवाडीची गरम कुंडं पाहिली. खाली ज्वालामुखी जागा आहे का? गंधकाचा वासही येतो. (संगमेश्वर)

नाही. महाराष्ट्रातला लाव्हा कधीच थिजला; कोट्यवधी वर्षं उष्णता टिकवून धरेल असा साठा खाली उरलेला नाही. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीला समांतर रांगेत गरम झरे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे ही सगळी त्याच रांगेतली. ती रांग जमिनीतल्या खोल भेगांची आहे. पावसाचं पाणी तिथून खाली जातं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं, म्हणजे दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी 70-80 अंशांपर्यंत सहज तापतं. पुरेशी मोकळी भेग मिळाली की ते निवायच्या आत वर येतं. वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा आहे; त्याची नाकाला जाणवणारी मात्रा अगदी थोडी असते, आणि त्यासाठी ज्वालामुखीची गरज नसते.

भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजय पुरम) सुमारे 140 किलोमीटरवर, बॅरन बेटावर आहे. त्याचा पहिला नोंदलेला उद्रेक 1787 चा. पुढे दीडशेहून अधिक वर्षं तो शांत राहिला आणि 1991 मध्ये पुन्हा जागा झाला.

कुंडाचं तापमान मोजायचं असेल तर तापाचा थर्मामीटर बुडवू नका. तो 42 अंशांपर्यंतच चालतो, पाऱ्याचा असेल तर फुटतो. प्रयोगशाळेतला 0 ते 110 अंशांचा घ्या आणि झरा जिथे उगवतो तिथे मोजा, कुंडाच्या मध्ये नाही. पावसाळ्यात वरचं थंड पाणी मिसळून आकडा उतरतो, म्हणून तुलना करायची तर फेब्रुवारी-मार्चमधली करावी. आणि मुलांना थेट उगमाच्या कुंडात उतरवू नका: 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं.

प्रश्न : मग लोणार तरी ज्वालामुखीचं तोंड ना?

तेही नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताचं आहे. आदळण्याच्या प्रचंड दाबाने बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती लोणारला सापडते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माणच होत नाही. काठाचे थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला उलटलेले आहेत आणि विवरातून नवा लाव्हा बाहेर पडल्याची कुठलीही खूण नाही. वयाबद्दल मात्र पुस्तकांत दोन आकडे दिसतील: एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षं, आर्गॉनवर आधारलेल्या मापनाने साडेपाच लाखांच्या वर. दुसरा आकडा खडक वितळल्याची वेळ थेट मोजतो, म्हणून आम्ही त्याला जास्त वजन देतो. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटून खारेपणा वाढला आणि त्यांना मोकळं रान मिळालं.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर फिरतंय की एक ज्वालामुखी फुटला की माणसाने शंभर वर्षांत सोडला नाही इतका कार्बन बाहेर पडतो. खरं का? (नांदेड आणि ठाणे, अशी दोन पत्रं)

खोटं, आणि थोडंथोडकं नाही. खनिज इंधन जाळून आपण वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी, जमिनीवरचे आणि समुद्राखालचे, मिळून वर्षाला अर्ध्या अब्ज टनाच्या आतच राहतात. फिलिपीन्समधला पिनाटुबो जून 1991 मध्ये फुटला, तो विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक. त्यातून सुमारे 5 कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघाला. आज आपण तेवढा साधारण बारा तासांत सोडतो.

पिनाटुबोने हवामान बदललं, पण उलट्या दिशेने. त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे पावसाच्या ढगांच्याही वर, फेकला. त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, त्यांनी ऊन परतवलं आणि जगाचं सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास घसरलं. इंडोनेशियातला तांबोरा एप्रिल 1815 मध्ये फुटला तेव्हा पुढच्या वर्षी युरोप आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. धूर पावसाच्या ढगांत अडकला तर पाऊस तो आठवड्यात धुऊन टाकतो, म्हणून उद्रेक मोठा असूनही कधी कधी परिणाम नगण्य राहतो. गंधक किती आणि किती उंच गेलं, हे दोनच प्रश्न विचारायचे.

वाढलेला कार्बन कोणाचा, हे ओळखताही येतं. खनिज इंधन मुळात वनस्पतींचं, आणि वनस्पती कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जड प्रकार, कमी घेतात. हवेतलं कार्बन-13 चं प्रमाण घटत चाललंय. ज्वालामुखीच्या कार्बनने ते असं घटलं नसतं. हवाईतल्या मौना लोआवर 1958 पासून मोजणी चालू आहे. तेव्हाचे दशलक्षात 315 भाग आज 420 च्या वर गेलेत, आणि मोठ्या उद्रेकांच्या वर्षी त्या रेषेला उंचवटा येत नाही.

प्रश्न : आमच्या गावचा पाऊस तालुक्याच्या आकड्याशी कधीच जुळत नाही. घरी पर्जन्यमापक करता येईल का? बाटली कापून केलं, पण आकडे विचित्र येतात. (चिपळूण, फलटण, वेंगुर्ले)

न जुळणं स्वाभाविक आहे. 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा 73. तालुक्याचं केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर तुमच्या शिवाराला तुमचंच माप हवं.

कापलेल्या बाटलीत दोन दोष आहेत. तिचा तळ सपाट नसतो, त्यामुळे पहिले दोन-तीन सेंटिमीटर खोटेच. आणि उलटं बसवलेलं तोंड व अंग यांचा व्यास वेगळा असेल तर पट्टीने मोजलेली उंची म्हणजे पाऊस नव्हे. म्हणून उंची मोजूच नका, पाणी मोजा.

साधारण 16 सेंटिमीटर तोंडाचं प्लॅस्टिकचं नरसाळं आणि त्याची नळी घट्ट बसेल असा कॅन घ्या. नरसाळ्याचा आतला व्यास दोन दिशांनी मोजून सरासरी काढा, कारण स्वस्त नरसाळी लंबगोल असतात. सूत्र असं: व्यास (सेंटिमीटरमध्ये) गुणिले व्यास गुणिले 0.0785. उत्तर येईल तेवढे मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. 16 सेंटिमीटरला हे 20.1 येतं, म्हणजे औषधाच्या दुकानातली 20 मिलीची सिरिंज एकदा भरली की 1 मिलिमीटर. 15 सेंटिमीटर असेल तर 17.7. व्यास मोजताना अर्धा सेंटिमीटर चुकलात तर पाऊस सहा-साडेसहा टक्के चुकतो, आणि तो रोज चुकतो.

कॅनचं माप प्रदेशावर ठरवा. 2 लिटरचा कॅन 100 मिलिमीटरला भरतो. फलटणला तो वर्षानुवर्षं पुरेल, चिपळूण-वेंगुर्ल्याला जुलैच्या एका रात्रीत वाहून जाईल. कोकणात किमान 5 लिटर, म्हणजे 250 मिलिमीटर. रिकामा कॅन वाऱ्याने पडतो, म्हणून तो मातीत अर्धा गाडा किंवा विटांच्या चौकटीत बसवा.

नरसाळं उथळ असेल तर जोराचे थेंब आपटून बाहेर उडतात आणि मोठ्या पावसाचे आकडे कमी येतात. त्यावर पीव्हीसी पाइपचा 10 सेंटिमीटर उंचीचा तुकडा उभा चिकटवा. मग व्यास त्या पाइपच्या आतला धरायचा, नरसाळ्याचा नाही. हे विसरल्याने झालेल्या चुका आम्हाला आलेल्या नोंदवह्यांत सर्वांत जास्त दिसतात.

जागा : कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच. खाली गवत किंवा खडी हवी. फरशीवर ठेवलं तर शिंतोडे आत उडतात. घर 6 मीटर उंच असेल तर मापक त्यापासून किमान 12 मीटर लांब, म्हणजे अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट. गच्ची टाळा. कठड्यावरून वारा उसळतो आणि थेंब मापकावरून ओढून नेतो. वादळी पावसात गच्चीवरचा आकडा अंगणातल्यापेक्षा हमखास कमी. नाइलाजच असेल तर गच्चीच्या मध्यावर ठेवा आणि वहीत ‘गच्ची’ असं लिहा.

रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खातं त्याच वेळी मोजतं. 12 तारखेला सकाळी मोजलेला पाऊस 12 तारखेच्याच नावे लिहायचा, जरी तो 11 च्या संध्याकाळी पडला असला तरी. शून्यही लिहा, रिकामा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की मोजायला विसरलात, हे पुढे कळत नाही. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.5 पासून अत्यंत मुसळधार. नरसाळ्याच्या नळीत पान अडकून पाणी वर तुंबलेलं दिसलं तर तेही मोजा आणि शेरा लिहा.

प्रश्न : चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो का?

चंद्रापासून हाताच्या पसरलेल्या वितीएवढ्या अंतरावरचं (हात ताठ धरून) मोठं वर्तुळ 22 अंशांचं असतं. सहा-सात किलोमीटर आणि त्याहून उंच असलेल्या पातळ ढगांतले बर्फाचे षट्कोनी स्फटिक प्रकाश वळवतात, त्याचा हा परिणाम. उंचावर ओलावा आला एवढंच त्यावरून कळतं. मे अखेरीस दिसलं तर पाऊस जवळ असू शकतो, जानेवारीत बहुधा काहीच होत नाही. चंद्राला अगदी चिकटलेलं रंगीत तेजोवलय मात्र वेगळं. ते पाण्याच्या थेंबांमुळे पडतं.

प्रश्न : शून्य सावलीच्या दिवशी आम्ही शाळेत प्रयोग केला, पण सावली पूर्ण गेली नाही. तारीख चुकली का? (पुणे)

तारीख बहुधा बरोबर होती, नळीखालचा पाट चुकला. आधी तारखा: पणजी 2-3 मे, कोल्हापूर 6-7 मे, पुणे 13-14 मे, मुंबई 15-16 मे, नागपूर 26 मे. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहे ते) गावाच्या अक्षांशाइतकी होते आणि भर दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो तो हा दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण ढगांत हरवतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य तुमच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतं ते त्यामुळे.

वेळ बाराची नाही. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहेत. मेच्या मध्यावर पुण्यात माध्यान्ह 12:31 च्या सुमारास, मुंबईत 12:35 ला, नागपुरात 12:10-12:11 ला.

आता चुका कुठे होतात ते. 10 सेंटिमीटर उंचीची नळी उभी केली आणि पाट एका अंशाने कलला, तर पावणेदोन मिलिमीटर सावली दिसते. वेळेत चार मिनिटांचा फरक पडला तरी जवळपास तेवढीच. आणि तारीख एक दिवसाने चुकली तर? क्रांती त्या दिवसांत रोज पाव अंशापेक्षा थोडी कमी बदलते, म्हणजे सावली जेमतेम 0.4 मिलिमीटर. एका दिवसाच्या चुकीने काही बिघडत नाही, पाटाच्या कलाने बिघडतं. गवंड्याची पाणसळ आणा, पाट दोन्ही दिशांनी समतल करा, नळी ओळंब्याने तपासा. गॅलरीतली फरशी चालणार नाही. तिला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. सूर्याकडे बघायची गरज नाही, बघूही नये.

प्रश्न : ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असतो म्हणतात, पण आम्हाला शोधूनही सापडत नाही. (सांगली)

तेजस्वितेत तो पन्नासाच्या आसपास आहे, आणि तुमच्याकडून क्षितिजाच्या फार जवळ. ध्रुवाची उंची म्हणजे तुमचा अक्षांश: सांगलीला 17 अंशांच्या आसपास. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती 10 अंश व्यापते, म्हणजे उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर. तिथे धूळ आणि गावाचे दिवे असतात. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात; पुलह ते क्रतु (चौकोनाच्या शेपटीविरुद्ध टोकाचे दोन तारे) ही रेघ त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’ आकारावरून अंदाज घ्या.

चमकदार तारा हवा असेल तर दक्षिणेला वळा. अगस्ती हा रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-सव्वानऊला तो दक्षिणेला सर्वांत उंच येतो, सांगलीतून 20 अंशांच्या जवळपास, म्हणजे दोन मुठी. दिल्लीतून तो जेमतेम 9 अंश वर येतो, दुबईत राहणाऱ्या वाचकांना 12 अंश, आणि लंडनच्या वाचकांना तो क्षितिजावर येतच नाही.